भिंतीतली तार

आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि मी मुलाकडे राहायला आले. त्याचंही घर नवीनच. तीन खोल्यांपैकी धाकटी खोली त्याने 'होम थिएटर'साठी राखून ठेवली आहे. मला विचाराल तर त्या खोलीत माझी पुस्तकांची चारही कपाटं छान मावली असती. पण घर त्याचं आणि हौसही त्याची, म्हणून मी काही बोलले नाही. प्रोजेक्टर ठरला, पडदा ठरला, खुर्च्यांचा रंग ठरला आणि घोडं अडलं कुठे, तर तारेपाशी!

दुकानदार म्हणाला, "साहेब, केबलमध्ये काटकसर करू नका. सोन्याचा मुलामा आहे, ऑक्सिजनविरहित शुद्ध तांबं आहे." तीन मीटरच्या केबलची किंमत बारा हजार रुपये! इलेक्ट्रिशियन म्हणाला, "अहो, सातशेवाली टाका, तेवढंच दिसतं." दोघंही तेवढ्याच ठामपणे बोलत होते. मुलगा वैतागून मला म्हणाला, "आई, तू तीस वर्षं इतिहास शिकवलास ना? मग सांग, कुठली तार घेऊ?"

तो चेष्टेत म्हणाला, पण मी मात्र प्रश्न मनावर घेतला. मला विज्ञान फारसं कळत नाही. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली बाई. पण तारेलाही इतिहास असतो, आणि तो वाचता वाचता मला दुकानदारापेक्षा बरीच जुनी माणसं भेटली.

पहिली भेट झाली ती १८५८ सालच्या एका डॉक्टरांशी. वाइल्डमन व्हाइटहाउस हे शल्यविशारद. अटलांटिक महासागराखालून आयर्लंड-न्यूफाउंडलंड अशी तारायंत्राची केबल टाकणाऱ्या कंपनीने त्यांना विद्युत विभागाचं प्रमुख नेमलं होतं. त्याच कंपनीत विल्यम थॉमसन हे ग्लासगोचे प्राध्यापक होते, तेच पुढे लॉर्ड केल्विन झाले. थॉमसन सांगत होते की तार जितकी लांब तितका संदेश मंदावतो आणि पसरट होतो, लांबी दुप्पट झाली तर हा त्रास चौपट होतो. म्हणून आतलं तांबं जाड हवं, शुद्ध हवं, आणि पलीकडे अतिशय हळवं यंत्र ठेवून बारीक संदेश टिपावा. व्हाइटहाउस यांना ते पटलं नाही. संदेश पोचत नसेल तर जोर वाढवा, असा त्यांचा सरळ हिशोब.

ऑगस्ट १८५८ मध्ये केबल सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सोळा तास लागले. व्हाइटहाउस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला आणि आधीच दुबळी असलेली ती केबल तीन आठवड्यांच्या आसपास कायमची मुकी झाली. समुद्राच्या तळाशी गेलेली तार, ती काढणार कोण? पुढे १८६६ साली थॉमसन यांच्या मार्गाने नवी केबल यशस्वी झाली. ती टाकणारं 'ग्रेट ईस्टर्न' हे प्रचंड जहाज १८७० साली आपल्या मुंबईच्या बंदरात आलं आणि इथून एडनपर्यंतची केबल टाकत गेलं. मुंबई-लंडन संदेश काही तासांत जायला लागला तो तेव्हापासून.

म्हणजे बघा, दुकानदाराचं 'शुद्ध तांबं' हे काही थोतांड नव्हे. १८५७ साली तो खरोखरच जीवनमरणाचा प्रश्न होता. थॉमसन यांनी वेगवेगळ्या कारखान्यांचं तांबं तपासलं तेव्हा त्यांच्या वाहकतेत मोठा फरक निघाला होता. पण दोन हजार मैलांची गोष्ट तीन मीटरला लावायची, हे मात्र मला पटेना. वहीत मी पहिला प्रश्न लिहिला : तार किती लांब हवी आहे?

दुसरे भेटले ते ऑलिव्हर हेविसाइड. हे गृहस्थ मला फार आवडले. जन्म १८५०, लंडनचे. लहानपणी आजारपणाने कान अधू झालेले, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेले. काही वर्षं तारखात्यात नोकरी केली आणि चोविसाव्या वर्षी ती सोडून घरात बसून गणित करू लागले. तारेतून संदेश कसा जातो याची समीकरणं त्यांनी मांडली, ती आजही अभियांत्रिकीची मुलं शिकतात. १८८० साली त्यांनी एका तारेचं पेटंट घेतलं. मधोमध एक तार, तिच्याभोवती रोधक आणि त्यावर नळीसारखी दुसरी वाहक. संदेश दोघींच्या मधल्या जागेत राहतो, बाहेरची गडबड आत येत नाही आणि आतली बाहेर जात नाही. हीच आपली गोल काळी केबल! नव्वदच्या दशकात केबलवाला गच्चीगच्चीवरून ओढत आणायचा ती.

या दोन तारांमधला फरक मी पुस्तकातून नव्हे, गच्चीवरून शिकले आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात दिसायला लागलं. आमच्याकडे कृष्णधवल संच आला तेव्हा गच्चीवर माशाच्या काट्यासारखी अँटेना आणि तिथून खाली चपटी, फितीसारखी तार. दोन तारा समांतर, मध्ये प्लास्टिक, अंगावर आवरण असं काही नाही. रस्त्यावरून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांची रांग धावायची. पावसात तार भिजली की बातम्या देणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर मुंग्या.

मग आमचे हे गच्चीवर जायचे, मी खिडकीत आणि सासूबाई टीव्हीसमोर. "आलं का?" वरून. "आलं का हो?" मी आत. "गेलं!" सासूबाई. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने हा संवाद कधी ना कधी म्हटला असणार. पुढे ह्यांनी चपटी तार काढून गोल केबल बसवली आणि स्कूटरचे ठिपके थांबले. ह्यांच्या हातात शंभर वर्षांपूर्वीचं हेविसाइड यांचं डोकं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही. चित्र स्वच्छ आलं म्हणून मी त्या दिवशी शिरा केला होता, एवढंच आठवतं.

आता तिसरी व्यक्ती. हे नाव आपल्याकडे कुणालाच माहीत नाही, पण प्रत्येक घराने यांचे आभार मानायला हवेत. जॉर्ज व्हालेन्सी, फ्रेंच अभियंता. १९३८ साली, रंगीत टीव्ही अजून घरोघरी यायचा होता, तेव्हा यांनी एक युक्ती पेटंट केली. रंगीत चित्र पाठवायचं, पण ते दोन भागांत : एक उजेड-अंधाराचा भाग, दुसरा रंगाचा. जुना कृष्णधवल संच पहिला भाग घेईल आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करील. नवा संच दोन्ही घेईल. म्हणजे नवं आलं म्हणून जुनं निकामी होणार नाही. अमेरिकेची १९५३ ची रंगीत पद्धत आणि भारताने स्वीकारलेली जर्मनीची 'पाल' पद्धत, दोन्ही याच तत्त्वावर उभ्या आहेत.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं. आमच्याकडे रंगीत संच घेण्याची ऐपत नव्हती. पण आमचा जुना संच एक दिवसही बंद पडला नाही. रंगीत स्पर्धा आम्ही काळ्यापांढऱ्यात पाहिल्या आणि कुठे काही कमी वाटलं नाही. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हाही तोच संच, आणि त्यासमोर आळीतली पंचवीस माणसं. एका अनोळखी फ्रेंच माणसाने पंचेचाळीस वर्षं आधी आमच्यासारख्यांचा विचार करून ठेवला होता. मी इतिहास शिकवताना राजे-महाराजे पुष्कळ शिकवले, हे मात्र कधी शिकवलं नाही.

ही युक्ती तारेत उतरली ती पिवळ्या पिनेच्या रूपाने. पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. पिनेचा हा आकार तर १९३० च्या दशकातला, एका अमेरिकी रेडिओ कंपनीने तबकडीचं यंत्र रेडिओला जोडण्यासाठी काढलेला. त्या एका पिवळ्या तारेतून उजेड आणि रंग एकत्र येतात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. ते काम नेहमी नीट जमत नसे. निवेदकाने बारीक चौकडीचा शर्ट घातला की त्यावर इंद्रधनुष्य नाचायचं, आठवतंय? म्हणून मग उजेड आणि रंग वेगळ्या तारांनी न्यायचं ठरलं. आधी चार काट्यांची एस-व्हिडिओ आणि नंतर लाल, हिरवी, निळी अशी तीन पिनांची 'कॉम्पोनंट'. फ्रान्समध्ये तर एकवीस काट्यांची एक जाडजूड जोडणी निघाली आणि १९८० पासून तिथे विकल्या जाणाऱ्या टीव्हींना ती सक्तीची झाली. आपल्याकडे ती फारशी आली नाही, ते बरंच झालं.

आता मला आमच्या घराची एक गोष्ट सांगायची आहे. २००८ साली, माझ्या निवृत्तीनंतर, आम्ही जुन्या घराची डागडुजी केली. ह्यांना मोठ्या टीव्हीची हौस. चांगली, जाड, तीन पिनांची केबल त्यांनी स्वतः बाजारात तीन फेऱ्या मारून निवडली. ठेकेदाराने भिंतीला झिरी मारली, केबल तशीच आत ठेवली आणि वरून प्लास्टर केलं. पाईप नाही, काही नाही. भिंत इतकी गुळगुळीत दिसत होती की हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "सांगा बघू, तार कुठे आहे?"

२०११ साली हे गेले. काही वर्षांनी डिस्क लावायचं जुनं यंत्र बिघडलं. मुलाने नवं आणलं तर त्याला त्या तीन पिनांची जागाच नाही! मला वाटलं, बनवणाऱ्यांनी पैसे वाचवले. तसं नव्हतं. ब्ल्यू-रे डिस्कच्या संरक्षणाचा जो करार कंपन्यांमध्ये झाला होता, त्यात लिहिलं होतं की २०१० नंतर बनणाऱ्या यंत्रांनी अशा तारांवर फक्त साधं, कमी बारकाव्यांचं चित्र द्यायचं आणि २०१३ नंतर बनणाऱ्यांनी काहीच द्यायचं नाही. कारण त्या तारेतून नक्कल करता येते. नव्या तारेत, म्हणजे २००२ साली सात कंपन्यांनी मिळून काढलेल्या एचडीएमआयमध्ये, दोन्ही टोकांची यंत्रं आधी एकमेकांचं ओळखपत्र तपासतात आणि मगच चित्र सोडतात.

ह्यांची तार खराब झाली नव्हती. तांबं उत्तम होतं. गेल्या वर्षी इमारत रिकामी करेपर्यंत ते भिंतीत तसंच होतं. तिला निसर्गाने मारलं नाही, कागदाने मारलं. व्हालेन्सी यांनी जुन्या संचवाल्यांना सोबत घेतलं होतं, या करारात मात्र आमच्यासारख्यांना जागा नव्हती. मी कंपन्यांना शिव्या देत नाही, चोरी थांबवायचा त्यांनाही हक्क आहे. पण तोट्यात कोण गेलं, ते मात्र इतिहासात नोंदवलं पाहिजे. वहीत दुसरा प्रश्न लिहिला : दोन्ही टोकांची यंत्रं या तारेला मानतात का, आणि किती दिवस मानतील?

आता तिसरा प्रश्न, ओझ्याचा. नातू नववीत आहे, त्याला मी गुणाकार करायला बसवलं. आजच्या फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० ठिपके, म्हणजे सुमारे ८३ लाख. प्रत्येक ठिपक्याला २४ अंक आणि सेकंदाला ६० चित्रं. उत्तर आलं जवळजवळ १,२०० कोटी अंक, दर सेकंदाला! "आजी, हे सगळं एका वायरमधून?" तोही गप्प झाला. राणीचे ९८ शब्द सोळा तासांत, आणि हे! २०१३ सालची एचडीएमआय सेकंदाला १,८०० कोटी अंक नेऊ शकते, २०१७ सालची ४,८०० कोटी. बाराशेचा हिशोब अठराशेत बसतो.

इथे दुकानदाराचं बोलणं उघडं पडतं. जुन्या तारांमध्ये चित्र हळूहळू बिघडायचं. चांगली तार, थोडं चांगलं चित्र, हे तेव्हा खरं होतं. अंकांच्या तारेत तसं नाही. अंक नीट पोचले तर चित्र पूर्ण, नाही पोचले तर पडद्यावर ठिणग्या उडतात किंवा पडदा सरळ काळा होतो. बारा हजारांच्या तारेतून लाल रंग जास्त लाल येत नाही. सोन्याच्या मुलाम्याने गंज धरत नाही, समुद्रकाठच्या घरात तो उपयोगाचा, पण चित्राला त्याने तेज चढत नाही. पाहायचं ते एवढंच की केबल तपासणी होऊन आली आहे का. सगळ्यात वरच्या दर्जाच्या केबलच्या खोक्यावर तसं लेबल असतं आणि फोनने ते तपासता येतं.

मग इलेक्ट्रिशियनचं खरं? तेही अर्धंच. तीन मीटरला त्याची तार चालेल. पण आमचा प्रोजेक्टर छताला मागच्या बाजूला आणि यंत्रं समोरच्या कपाटात. भिंतीतून, छतातून मोजलं तर अंतर भरलं अकरा मीटर. एवढं ओझं एवढ्या लांब साध्या तांब्याच्या तारेने भरवशाने जात नाही. म्हणजे फिरून आपण थॉमसन यांच्यापाशीच आलो. लांबी!

यावर उपाय प्रकाशाचा. ग्रॅहॅम बेल यांनी प्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवून दाखवला तो १८८० साली, हेविसाइड यांच्या पेटंटच्याच वर्षी. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडनला काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेलं आणि या शास्त्राचं इंग्रजी नाव रूढ केलं. १९६६ साली चार्ल्स काव यांनी दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तंतूतून संदेश मैलोनमैल जाईल. पुन्हा शुद्धता! तांब्याची नव्हे, काचेची. काव यांना २००९ साली नोबेल मिळालं. आता बाजारात मिळणाऱ्या लांब एचडीएमआय केबलमध्ये चित्र काचतंतूंनी जातं आणि दोन्ही टोकांना विजेचा प्रकाश व प्रकाशाची वीज करणारे बारीक तुकडे असतात. तिला दिशा असते. एक टोक यंत्राकडे, दुसरं पडद्याकडे. उलटी लावली तर काहीच दिसत नाही, आणि फार मुरडली तर आतली काच तुटते.

शेवटी काय ठरलं ते सांगते. कपाटातल्या कपाटात तपासणीचं लेबल असलेली साधी तांब्याची केबल. प्रोजेक्टरपर्यंत काचतंतूची, पंधरा मीटरची. माझ्या हट्टामुळे भिंतीत आधी दीड इंची पाईप टाकला. वळणं मोठी आणि सावकाश घेतली, म्हणजे केबलचं डोकं सरकतं. विजेच्या तारांचा पाईप वेगळा, लांबून. केबल जमिनीवर पसरून, लावून, तासभर चित्र पाहून मगच आत ओढली. आणि केबलबरोबर एक रिकामी ओढायची तार त्या पाईपमध्ये तशीच ठेवली आहे. मुलगा म्हणाला, "आई, ती कशाला? काम तर झालं." मी म्हटलं, "तुझ्या मुलाला लागेल." वहीतला चौथा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता : तार भिंतीबाहेर काढता येईल का? दीडशे वर्षांत एकही तार शेवटची ठरलेली नाही. ही का ठरावी?

आणखी एक हट्ट केला. कपाटाच्या खालच्या कप्प्यात आमचा जुना व्हीसीआर ठेवला. असली यंत्रं बनवणाऱ्या शेवटच्या कारखान्याने २०१६ सालीच काम थांबवलं, त्यामुळे हा बिघडला की संपलं. पिवळी पिन घेऊन एचडीएमआय करणारी एक डबी मिळते, ती लावली. त्यातून १९८८ सालच्या मुलाच्या मुंजीची कॅसेट चालली. सासूबाईंचं हलतं-बोलतं चित्र जगात एवढं एकच आहे. मातृभोजनाला त्या पाटावर बसल्या आहेत आणि वाढणाऱ्यांना रागावत आहेत. एवढ्या मोठ्या पडद्यावर चित्र धूसर दिसतं, कडा सळसळतात, आवाज खरखरतो. मागे कुठेतरी हे विचारताहेत, "सगळ्यांना वाढलं का?"

नातवाने पणजीला पहिल्यांदा चालताना पाहिलं. म्हणाला, "आजी, या तर तुझ्यासारख्याच ओरडतात." असो!

ती कॅसेट आता उतरवून संगणकात दोन ठिकाणी ठेवली आहे. तुमच्याकडे अशा कॅसेट माळ्यावर असतील तर खाली काढा, चुंबकी फीत फार दिवस वाट पाहत नाही. आणि घराचं काम काढलंत तर ठेकेदाराला बजावा, भिंतीत नुसती तार पुरू नकोस, आधी पाईप टाक. आमच्या ह्यांनी निवडलेली ती तार जुन्या इमारतीबरोबर मातीत गेली. पाईप असता तर मी ती ओढून काढली असती.